सतरा चालींचा डाव



१९८८ साली ग्रीसमधील थेस्सलोनिकी नगरीत भरलेल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या महिला विभागात ज्युडिट पोल्गार या अवघ्या बारा वर्षांच्या हंगेरियन मुलीने बल्गेरियाच्या पावलिना आंगेलोवा यांना सतरा चालींत शिकस्त दिली. या डावाची वाखाणणी होते ती अखेरच्या वजीरदानासाठी. परंतु माझ्या मते ते वजीरदान म्हणजे निव्वळ वसुली होती, कर्ज काळ्या बाजूच्या नावे प्रारंभातच चढले होते.

काळ्याने सिसिलियन बचाव पत्करला, आणि तिसऱ्याच चालीला पांढऱ्या उंटाने वजिराच्या बाजूच्या घोड्यावर रोख धरला. रॉसोलिमोच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार शांत, किंबहुना थोडा नीरस समजला जातो. काळ्याने आपला उंट राजाजवळच्या तिरप्या रेषेवर पहाऱ्यास बसवला आणि पाचव्या चालीला राजापुढील प्यादे दोन घरे ढकलले; त्यावर ज्युडिटने मध्यभाग तत्काळ फोडला, आणि मारामारी संपताच तिचे राजाचे प्यादे पाचव्या पट्टीवर असे जाऊन बसले, की काळ्याच्या दुसऱ्या घोड्यास त्याचे स्वाभाविक घरच उरले नाही.

आता खरी मौज पाहा. बाराव्या चालीला काळ्या वजिराने त्या तिसऱ्या चालीच्या उंटावर नेम धरला. ज्युडिटने घोडा आणून त्याला जोर दिला, पण प्यादे उघडे टाकले. पहाऱ्यावरील उंटाने ते टिपले. आणि चौदाव्या चालीला तिने घोड्याची तमा न बाळगता हत्ती राजाच्या मोकळ्या पट्टीवर आणला! काळ्याने घोडा मारला, बदल्यात पहारेकरी उंट गमावला, मग वजिराने तो पांढरा उंटही गिळंकृत केला. हिशेबी काळ्याकडे एक घोडा व एक प्यादे अधिक. परंतु राजाभोवतीची काळी घरे बेवारस, आणि वजिराच्या बाजूचा हत्ती व उंट अद्याप मूळ घरीच.

सतराव्या चालीला ज्युडिटने वजिराने हत्ती मारून शह दिला, आणि आंगेलोवांनी डाव सोडला. राजाने वजीर मारला असता, तर उंटाचा शह आणि पाठोपाठ आठव्या पट्टीवर हत्तीने मात!

ज्युडिटने त्या स्पर्धेत तेरा डावांत साडेबारा गुण मिळवले. तोवर सोव्हिएत संघ ज्या ज्या महिला ऑलिम्पियाडमध्ये उतरला, ते त्याने जिंकले होते; थेस्सलोनिकीत हंगेरीचे ३३ गुण झाले, सोव्हिएत संघाचे साडेबत्तीस.