साइट उठली, तरी अनुभव उरावा

बांधकामाचा धंदा फिरता असतो. पूल उभा राहिला की साइट उठते, मुकादम दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो, मिस्त्री आणि रेजा गावी परततात. कामातून मिळालेली जाणही त्यांच्याबरोबर निघून जाते. ही जाण माणसांच्या डोक्यातून कंपनीच्या नोंदींत, नियमांत आणि सवयींत उतरते, तेव्हा संस्था शिकली असे म्हणतात. संकटानंतर कंपनी किती लवकर सावरते, हे बरेचसे त्यावरच ठरते.

ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शोन या अमेरिकी अभ्यासकांनी 1978 च्या ग्रंथात या शिकण्याच्या दोन पातळ्या सांगितल्या. पहिल्या पातळीवर चूक दुरुस्त होते. दुसऱ्या पातळीवर चुकीमागची समजूतच बदलते. कोकण रेल्वे महामंडळाच्या वाटचालीत दोन्ही दिसतात. महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले आणि 1998 मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून मोठी प्राणहानी झाली. पुढच्याच जूनमध्ये महाडजवळ पुन्हा अपघात झाला. दरड उपसून रूळ जोडणे ही झाली दुरुस्ती. त्यापुढे जाऊन डोंगरउतार सौम्य केले गेले, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसल्या, गस्त वाढली आणि कमी वेगाचे पावसाळी वेळापत्रक रुजले. पावसाळा हा अपवाद न मानता नियोजनाचाच भाग मानला गेला.

नोंदींचे मोल बाहेरून आलेल्या संकटातही कळते. मध्य प्रदेशातील सौंसरवरून जाणारा नागपूर–छिंदवाडा छोटा रेल्वेमार्ग 2015 च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाला. ते काम चालू असतानाच मार्च 2020 ची टाळेबंदी आली. देशभर साइटी थांबल्या, मजूर गावाकडे निघाले. मे महिन्यात केंद्र सरकारने आपल्या कंत्राटांना सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ जाहीर केली. अशा वेळी रोजची साइट-डायरी उपयोगी पडते: काम कोणत्या दिवशी थांबले, सिमेंट किती पडून होते, कोणते बिल अडले, हे कागदावर दाखवता येते. हजेरीपटावर मजुराचे गाव आणि फोन नंबर असेल, तर त्याला मजुरी पोचवता येते आणि परत बोलावताही येते.

पांढुर्णा-सौंसर भागातील लहान ठेकेदारालाही हेच लागू पडते. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एखाद्या भिंतीला तडा गेला, तर पाया किती खोल होता, मुरूम कुठे लागला, पाणी कुठून मुरले, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवावे लागते. मुकादम आणि मिस्त्री यांनाही त्या चर्चेत बसवावे लागते, कारण बिघाड आधी त्यांच्याच नजरेस येतो. चूक सांगणाऱ्याची मजुरी कापली जात असेल, तर पुढची चूक झाकलीच जाते. आणि ती नोंद पुढच्या पायाची खोदाई सुरू होण्याआधी वाचली गेली, तरच तिचा उपयोग होतो.