जठराचा कर्करोग : अवस्था आणि आयुष्याचा अंदाज



२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ ह्या विख्यात शस्त्रवैद्याने एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला, उरलेले जठर आतड्यास जोडले, आणि ती स्त्री शस्त्रक्रियेतून वाचली. त्यापूर्वी फ्रान्समध्ये पेआँ आणि पोलंडमध्ये रिडिगियर ह्या दोघांनी हाच उद्योग करून पाहिला होता, पण दोघांचेही रुग्ण दगावले होते. त्यामुळे बिलरोथच्या यशाचा डंका साऱ्या युरोपभर वाजला. परंतु पुढे चारेक महिन्यांतच रोग उलटून त्या स्त्रीला मृत्यू आला. टाके जिरले, अन्न पचू लागले, आणि तरीही माणूस गेले, ह्याचे कारण शस्त्रवैद्याच्या हातात शोधण्यात अर्थ नाही. पोट उघडण्यापूर्वीच रोगाने कोठवर मजल मारली होती, ह्यातच ते दडलेले आहे.

ही मजल मोजण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचा पाया फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ ह्या काळात घातला. तिला टीएनएम म्हणतात, आणि तिचे प्रश्न तीनच आहेत: मूळ गाठ किती खोल गेली, जवळच्या लसिकाग्रंथींपैकी किती बाधित झाल्या, आणि यकृत, फुप्फुस, उदरावरण अशा दूरच्या ठिकाणी रोगाने ठाणे मांडले की काय. जठराची भिंत अनेक पदरी आहे. आतील श्लेष्मल स्तर आणि त्याखालचा पदर एवढ्यापुरताच रोग असेल तर तो टी-१. स्नायूंच्या थरात उतरला की टी-२. स्नायू ओलांडून बाह्यावरणाच्या अलीकडे थांबला तर टी-३. आणि तेही आवरण भेदून बाहेर डोकावला, अथवा शेजारच्या अवयवात घुसला, की टी-४. येथे अंतर मिलिमीटरांचे असते, पण त्यावर वर्षांचा हिशेब अवलंबून असतो.

लसिकाग्रंथींचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक उद्बोधकही. एक-दोन बाधित ग्रंथी म्हणजे एन-१, तीन ते सहा म्हणजे एन-२, सात व त्याहून अधिक म्हणजे एन-३. खोली आणि ग्रंथी यांची सांगड घालून अवस्था ठरते. जपान व कोरियातील रुग्णांचा मोठा भरणा असलेल्या, पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय दप्तरावरून असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १-अ अवस्थेत सुमारे ९४ टक्के, २-अ मध्ये ८२, २-ब मध्ये ६८, ३-अ मध्ये ५४, आणि ३-क मध्ये अवघे १८ टक्के असते. इतक्या नेटक्या पायऱ्या पाहिल्या की हा निसर्गाचाच जाबता आहे असा भास होतो.

पण अवस्था हा रोगाचा पंचनामा आहे, आणि पंच जेवढे फिरले तेवढेच पंचनाम्यात उतरते. टी-३ खोलीच्या एका गाठीबरोबर सहाच ग्रंथी तपासल्या व सहाही निर्मळ निघाल्या, तर कागदावर २-अ लिहिले जाईल. त्याच रुग्णाच्या पंचवीस ग्रंथी तपासल्या असत्या आणि त्यांत दोन बाधित सापडल्या असत्या, तर २-ब. तीन सापडल्या असत्या तर ३-अ. रोग तोच, रुग्ण तोच, बदलला तो शोध. म्हणूनच निदान सोळा ग्रंथी तपासाव्यात असा आग्रह धरला जातो. जपानमध्ये तर १९६२ साली ह्या रोगाच्या नोंदीचे सविस्तर नियम सिद्ध झाले, आणि काढलेल्या ताज्या जठरावरून ग्रंथी वेचून त्यांची ठिकाणवार वर्गवारी करण्याचे चिकट काम तेथे शस्त्रवैद्य स्वतःच करतात, हा शिरस्ता मला फार आदरणीय वाटतो.

१९९१ ते २००० ह्या दशकातील अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत २-अ अवस्थेचे पाच वर्षे जगणारे रुग्ण सुमारे ४६ टक्केच भरले. वर सांगितलेले ८२ आणि हे ४६, ह्या तफावतीचा काही भाग खरा आहे, कारण जपान-कोरियात ग्रंथी अधिक विस्ताराने काढल्या जातात. काही भाग रुग्णांचे वय व इतर व्याधी यांचा आहे. परंतु काही भाग निव्वळ वर्गवारीचा आहे. अमेरिकन विनोदकार विल रॉजर्स यांच्या नावावर एक कोटी सांगतात, की ओक्लाहोमाचे लोक कॅलिफोर्नियात राहायला गेले तेव्हा दोन्ही राज्यांची सरासरी बुद्धी वाढली. १९८५ साली फाइन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या आकड्यांतील अशाच चमत्काराला रॉजर्स यांचे नाव दिले. कसून शोध घेतला की छुपा रोग असलेले रुग्ण खालच्या अवस्थेतून वरच्या अवस्थेत जातात. त्यांच्या जाण्याने खालची सरासरी सुधारते, आणि ते तेथल्या जुन्या रहिवाशांपेक्षा बरे असल्याने वरचीही सुधारते. एकही माणूस एक दिवसही अधिक जगलेला नसतो!

शिवाय ३-अ अवस्थेचा ५४ टक्के हा आकडा शंभर जणांच्या समुदायाचा आहे; समोर बसलेल्या गृहस्थाचे चोपन्न टक्के आयुष्य असे काही नसते. आणि तो आकडा शस्त्रक्रियेच्या दिवसाचा आहे. हा रोग उलटायचा तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. म्हणून ३-अ अवस्थेचा जो रुग्ण तीन वर्षे निरोगी राहिला, त्याला पहिल्या दिवसाचा आकडा ऐकवणे म्हणजे मुदत संपलेला दस्तऐवज दाखवणे होय. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी झाली असेल तर तिने रोग आधीच आक्रसलेला असतो, म्हणून आता अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कोष्टक अमलात आले आहे.

तेव्हा आप्तांनी डॉक्टरांना "किती दिवस?" हे विचारण्याआधी पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्यावा, आणि त्यात तपासलेल्या ग्रंथी किती व बाधित किती, हे दोन्ही आकडे लिहिले आहेत की नाहीत ते पाहावे. पहिला आकडा फारच लहान असेल तर तसे विचारण्यात संकोच नको. काढलेले जठर काही आठवडे फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवलेले असते, आणि तेवढ्या मुदतीत पॅथॉलॉजिस्टला त्यात पुन्हा शोध घेता येतो.