सिंहलद्वीपाचा निवासी अतिथी



उष्ण कटिबंधातील बेटे म्हटली की नारळीची बने, निळेशार पाणी आणि त्या पाण्याच्या काठी सुखाने कालक्रमणा करणारा एखादा परदेशी गृहस्थ असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र अगदीच खोटे नाही. मायदेशातील थंडीला आणि करभाराला कंटाळून अशा बेटांचा आश्रय घेतलेले पाश्चात्त्य पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांनी बेटांकडून घेतले भरपूर आणि दिले थोडे, हेही मान्य करावयास हवे. म्हणूनच १९५६ साली सिलोनमध्ये येऊन राहिलेल्या आणि २००८ साली तेथेच देह ठेवलेल्या एका इंग्रज लेखकाचा वृत्तान्त मुद्दाम सांगण्याजोगा आहे. या लेखकाचे नाव आर्थर सी. क्लार्क.

विज्ञानकथांचे लेखक म्हणून क्लार्क यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम पाहत होते. पृथ्वीभोवती ठरावीक उंचीवर फिरणाऱ्या, आणि त्यामुळे आकाशात एकाच जागी स्थिर भासणाऱ्या उपग्रहांमार्फत सर्व जगाशी संपर्क साधता येईल, ही कल्पना त्यांनी १९४५ साली एका इंग्रजी नियतकालिकात सविस्तर मांडली होती. अशा आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाने समुद्राच्या तळाशी जावे, याचे अनेकांना नवल वाटे. वस्तुतः त्यात विसंगती काहीच नव्हती. अंतराळात मनुष्याला वजन उरत नाही. तो अनुभव पृथ्वीवर राहून घ्यावयाचा, तर पाण्याखाली जाण्यासारखा दुसरा मार्ग नाही, असे त्यांचे मत होते. अंतराळयानात बसण्याचा योग येईपर्यंत त्यांनी समुद्र पसंत केला. तो योग आला नाही. समुद्र मात्र जन्मभर पुरला.

पाण्याखाली मोकळेपणाने वावरण्याची सोय तेव्हा नुकतीच झाली होती. १९४३ साली जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने असे श्वसनयंत्र सिद्ध केले, की ज्यातून पाणबुड्याला हवी तेव्हा, हवी तेवढी आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळते. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या युक्तीचे मोल कळते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. चाळीस मीटरवर तो पाचपट होतो आणि पाठीवरच्या नळकांड्यातील हवाही पाचपट वेगाने संपते. वर येताना श्वास रोखून धरला, तर छातीतील हवा फुगून फुप्फुसे फाटण्याचा धोका असतो. खोलवर फार वेळ राहून घाईने वर आल्यास रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. हा खेळ आनंदाचा खरा, परंतु हिशेब चुकलेला त्यात खपत नाही.

१९५४ च्या अखेरीस क्लार्क ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेकडे निघाले. वाटेत बोट कोलंबोला अर्धा दिवस थांबली. तेथील प्राणिसंग्रहालयात काम करणारे निसर्गशास्त्रज्ञ व कुशल पाणबुडे रॉडनी जोंकलास यांची गाठ पडली, आणि या बेटाभोवतीच्या समुद्रात काय दडले आहे याची हकीकत त्यांना प्रथम त्यांच्याकडूनच समजली. पुढे हेरॉन बेट, थर्सडे बेट असे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे मुक्काम झाले. त्यांवर पुस्तकही झाले. परंतु मन कोलंबोत गुंतले होते. १९५६ साली क्लार्क आणि त्यांचे छायाचित्रकार सहकारी माइक विल्सन सिलोनला परतले.

या बेटाची एक सोय पाणबुड्यांच्या मोठी कामाची आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावरील पाणी गढूळ होते, पण त्याच वेळी पूर्वेकडील त्रिंकोमालीचे बंदर आरशासारखे स्वच्छ असते. ईशान्येचे वारे लागले की उलट प्रकार. वाऱ्याप्रमाणे बिऱ्हाड हलविण्याची तयारी असली म्हणजे बुडी मारण्यास वर्षभर कुठे ना कुठे जागा मिळते.

त्रिंकोमालीच्या स्वामी शैल नावाच्या कड्यावर कोनेश्वराचे प्राचीन शिवमंदिर होते. संत संबंदर यांनी सातव्या शतकात या स्थानाची स्तोत्रे गायिली आहेत. कड्याला पडलेली एक खोल भेग रावणाच्या तलवारीची म्हणून दाखवितात. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी हे मंदिर पाडले, त्याचे काही दगड किल्ल्याच्या बांधकामात वापरले व पुष्कळसे कड्यावरून समुद्रात लोटले. भाविकांना ही गोष्ट ठाऊक होती. तीनशे वर्षे ते कड्याच्या टोकावरून त्या पाण्यात फुले आणि नारळ अर्पण करीत आले होते. १९५६ साली विल्सन आणि क्लार्क त्या पाण्यात उतरले, तेव्हा कोरीव खांब आणि घडीव चिरे तळाशी विखुरलेले दिसले. एक शिवलिंगही सापडले. ते वर काढण्यात आले आणि पुढे कड्यावर उभारलेल्या नव्या मंदिरात त्याची स्थापना झाली. परदेशी पाणबुड्यांनी शोध लावला असे वृत्तपत्रांतून छापून येते. परंतु ज्यांनी तीन शतके नेमकी जागा विसरू दिली नाही, त्यांचा वाटा त्यात कमी नाही.

दुसरी हकीकत अधिक विलक्षण आहे, आणि तिचा धागा थेट आपल्या इतिहासापर्यंत पोहोचतो. श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून दूर समुद्रात ग्रेट बासेस नावाची खडकांची रांग आहे. सिंहली भाषेत तिला महारावणकोट्टुव, म्हणजे रावणाचा थोरला किल्ला, म्हणतात. १८७३ पासून तेथे दीपस्तंभ आहे. वर्षातील थोडे आठवडे सोडले तर तेथे लाटांचा असा मारा असतो की होडी जवळ नेणे अशक्य. मार्च १९६१ मध्ये विल्सन दोन अमेरिकन मुलांना घेऊन तेथे पाण्याखालचे चित्रीकरण करीत होते. मुलांची वये होती तेरा आणि चौदा. खोली फारशी नव्हती. भय होते ते लाटांच्या ओढीचे. तेथे त्यांना पितळी तोफा दिसल्या, आणि त्यांच्याजवळ चांदीची नाणी.

ही नाणी सुटी थोडी, ढेपा अधिक. कापडी थैल्यांत भरलेले रुपये समुद्राच्या तळाशी एकमेकांना चिकटून घट्ट झाले होते. थैली कुजून गेली, पण तिचा आकार ढेपेने राखला होता. एकेका ढेपेत सुमारे हजार रुपये. वरचे थर झिजलेले, परंतु आतील नाणी टांकसाळीतून नुकतीच बाहेर पडल्यासारखी स्वच्छ. बुडालेला पैसा वर येत नाही असा व्यवहारातला अनुभव असला, तरी येथे तो आला, आणि अक्षरांसह आला. नाण्यांवर औरंगजेबाचे नाव होते, टांकसाळ सुरतेची होती आणि वर्ष होते हिजरी १११३.

हे वर्ष जून १७०१ ते मे १७०२ असे येते. त्या वेळी बादशहा दिल्लीत नव्हता, तो महाराष्ट्रात होता. राजाराम महाराजांचे १७०० साली निधन झाले होते, महाराणी ताराबाईंनी राज्यकारभार हाती घेतला होता आणि म्हातारा औरंगजेब एकामागून एक किल्ल्यांना वेढे घालीत सह्याद्रीत अडकून पडला होता. त्याच हिजरी वर्षाच्या उत्तरार्धात त्याची छावणी विशाळगडाखाली होती. म्हणजे बादशहाचा खजिना इकडे डोंगरात रिता होत असताना, त्याच्याच नावाच्या कोऱ्या रुपयांनी भरलेल्या थैल्या गलबतात चढवून कोणी व्यापारी पूर्वेकडे निघाला होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० साली ज्या सुरतेवर स्वाऱ्या केल्या, ते बंदर तीस वर्षांनंतरही किती चालते होते, याचा याहून बोलका पुरावा कागदपत्रांतही क्वचित मिळेल.

शोध लागला तेव्हा क्लार्क होडीत नव्हते. ढेपा कोलंबोच्या घरी आल्या, तेव्हा त्यांनी त्या पाहिल्या. दोन वर्षे ही गोष्ट गुप्त राखण्यात आली. दरम्यान १९६२ साली क्लार्क गंभीर आजारी पडले; अंग लुळे पडून कित्येक महिने अंथरुणात गेले. तरीही १९६३ सालच्या दुसऱ्या मोहिमेत ते सामील झाले. पीटर थ्रॉकमॉर्टन हे सागरी पुरातत्त्वाचे जाणकार या वेळी बरोबर होते, आणि ही निवड फार मोलाची होती. नुसती चांदी वर आणावयाची तर त्यासाठी कुदळ पुरे. कोणती वस्तू कोठे, कशाशेजारी पडली होती, याची नोंद केली तरच गलबताची गोष्ट कळते. आज अशा अवशेषांवर हौशी पाणबुडे हात मारतात आणि पितळेचा एखादा तुकडा आठवण म्हणून घरी नेतात, तेव्हा ते इतिहासाचे एक पान फाडून नेतात.

क्लार्क यांच्या संसाराचा आर्थिक भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पैसा येई पुस्तकांतून, तोही परकीय चलनात. विल्सन यांनी १९६२ साली 'रन्मुतु दुव' हा पहिला सिंहली रंगीत चित्रपट काढला. त्यात पाण्याखालची दृश्ये होती आणि पाठबळ क्लार्क यांचे होते. पुढे हिक्काडुवा येथे पाणबुड्यांसाठी एक केंद्र निघाले. त्यात स्थानिक तरुण शिकले आणि त्यांनीच ते चालविले. १९७५ साली श्रीलंका सरकारने परदेशी रहिवाशांसाठी 'निवासी अतिथी' ही सवलतीची योजना अमलात आणली. लोक तिला क्लार्क यांचाच कायदा म्हणत! करसवलतीवर राहणाऱ्या पाहुण्याविषयी यजमानांच्या मनात शंका असणे स्वाभाविक आहे. त्या शंकेला क्लार्क यांनी वास्तव्यानेच उत्तर दिले. १९८३ पासून यादवी युद्धाची झळ बेटाला लागली, त्रिंकोमालीचा समुद्र दीर्घकाळ दुरावला, तरी त्यांनी घर मोडले नाही. १९७९ पासून २००२ पर्यंत ते मोरातुवा विद्यापीठाचे कुलपती होते.

१९७५ सालची आणखी एक गोष्ट भारताशी निगडित आहे. त्या वर्षी १ ऑगस्टला आपल्या देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग सुरू झाला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अभियंत्यांनी कोलंबोला जाऊन क्लार्क यांच्या घरी पाच मीटर व्यासाची अँटेना बसवून दिली. श्रीलंकेत तोवर दूरचित्रवाणी आलेली नव्हती. ती १९७९ साली आली. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना भारतीय खेड्यांच्या कामी आलेली त्यांना घरबसल्या पाहता आली.

आता प्रवाळांविषयी. प्रवाळ हा दगड नव्हे. सूक्ष्म जीवांनी शतकानुशतके रचलेली ती वसाहत आहे. परंतु श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर गरिबीने तिला दगडाची किंमत दिली. प्रवाळ फोडून, भट्टीत भाजून त्याचा चुना करावयाचा हा तेथील जुना धंदा. हिक्काडुवाचा प्रवाळपट्टा १९७९ साली अभयारण्य म्हणून राखण्यात आला, म्हणून तो पुष्कळसा वाचला; जवळच्या पेरालियासमोर मात्र चोरून खाणकाम होत राहिले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट आली. हिक्काडुवा येथे ती दोन-तीन मीटर उंचीची होती आणि सुमारे पन्नास मीटर आत येऊन थांबली, असे नंतर झालेल्या पाहणीत आढळले. तेथून थोड्याच अंतरावर पेरालियात दहा मीटरची भिंत दीड किलोमीटर आत घुसली. तीत एक भरलेली आगगाडी सापडली आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. किनाऱ्याची ठेवण, तळाचा उतार ही कारणेही असतील. परंतु संशोधकांनी फोडलेल्या प्रवाळाकडे स्पष्ट बोट दाखविले. चुन्याच्या भट्टीवर मिळालेल्या मजुरीचा हा हिशेब मजुरांनी एकट्याने चुकता करावा, असे मात्र नव्हे. त्यांना दुसरा रोजगार वेळेवर मिळाला नाही, हे विसरता येणार नाही.

आपल्याकडे मालवणचा सागरी पट्टा १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. तारकर्ली, मालवण येथे श्वसनयंत्र लावून प्रवाळ पाहावयास आता महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात. तेथील होडीवाल्यांचे, पाण्यात नेणाऱ्या तरुणांचे पोट त्या प्रवाळावर आहे. पर्यटकाने त्यावर पाय ठेवून छायाचित्र काढावयाचे की दोन हात दूर राहून पाहावयाचे, हे अखेर त्या तरुणांच्याच हातात आहे.

त्सुनामीत हिक्काडुवा येथील क्लार्क यांचे पाणबुडे केंद्र किनाऱ्यावरच असल्याने वाहून गेले. ते स्वतः कोलंबोत होते. १९८८ साली त्यांना झालेला आजार पोलिओच्या जुन्या दुखण्याचा परिणाम असल्याचे निदान झाले होते आणि उत्तरायुष्य चाकाच्या खुर्चीत चालले होते. १९ मार्च २००८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर, कोलंबोत त्यांचे निधन झाले व तेथील दफनभूमीत त्यांना विश्रांती मिळाली. ग्रेट बासेसच्या खडकावर आदळलेल्या गलबताचे नाव मात्र नाण्यांवरून कळले नाही. ते कोणाचे होते, सुरतेहून कोणत्या बंदरी निघाले होते आणि त्यावरील माणसांचे काय झाले, हे प्रश्न तसेच राहिले आहेत.