क्रांती हवी की क्रांतिकारक?

(जालना येथील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वि. स. खांडेकरांची ‘क्रौंचवध’ ही कादंबरी १९४२ सालची. संस्थानी राजवट, जनतेचा लढा, त्यात उडी घेतलेला दिलीप आणि त्याच्यात जीव गुंतलेली सुलोचना. तिचं लग्न डॉक्टर भगवंतरावांशी होतं, मन मात्र दिलीपपाशीच राहतं. वाचताना आजही गलबलून येतं. पण आपण विचारलं पाहिजे, तिला क्रांती हवी आहे की क्रांतिकारक? ध्येयाची वाट तिला प्रियकरातूनच का दिसावी?

आपल्या जिल्ह्याचा इतिहास वेगळं सांगतो. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके घराचा उंबरा ओलांडून हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरल्या, त्यांनी शस्त्र हाती घेतलं. लढा त्यांचा स्वतःचा होता.

हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. चळवळीत आलेल्या मुलीच्या मागे एखादा कार्यकर्ता लागतो. ती ‘नाही’ म्हणाली की समजूत तिचीच काढली जाते: माणूस भला आहे, संघटनेची बदनामी नको. मग ती बैठकीला येणं सोडते, तो मात्र व्यासपीठावर असतो. असा पिच्छा पुरवणं म्हणजे प्रेम नव्हे, छळ आहे. मग तो कितीही पुरोगामी असो.

दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती २०१३ च्या कायद्यानं सक्तीची आहे. बिनपगारी काम करणाऱ्याही त्यात येतात. आपला गट लहान असला तरी अशी समिती नेमूया. ‘नाही’ म्हणणारीची बैठकीतली जागा राखणं, हेही आपलं राजकारणच आहे.