जात्यावरचं थँक यू

इअरफोन लावून कुणी लोकलमध्ये असेल, कुणी एसटीत, कुणी घरी भांडी घासत असेल. भांडी घासत असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी.

आपण देवाचे आभार कधी मानतो? रिझल्ट लागला, नोकरी लागली, रिपोर्ट नॉर्मल आला, की पेढे घेऊन देवळात. चांगलंच आहे. पण असे दिवस वर्षात किती येतात? दोन? तीन? मग बाकीच्या दिवसांचं काय?

इथे मला संत जनाबाई आठवतात. गाव गंगाखेड. लहानपणीच पंढरपुरात संत नामदेवांच्या घरी कामाला आल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, शेण्या वेचणं, हेच आयुष्य. आता त्यांचे अभंग वाचा. देव कुठे भेटतो? गाभाऱ्यात नाही, जात्यापाशी! विठ्ठल त्यांच्याबरोबर दळतो, पाणी भरतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही एक जातं 'जनाबाईंचं जातं' म्हणून दाखवतात.

अरणचे संत सावता माळी घ्या. मळा सोडून ते वारीला गेले नाहीत. पिकवलेल्या भाजीतच त्यांना विठ्ठल दिसला.

आणि ही फक्त संतांची गोष्ट नाही हं. आपल्या पणज्या पहाटे उठून दळायला बसायच्या आणि देवाचं नाव घेऊन ओव्या गायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावी फिरून अशा १ लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. विचार करा, हात दुखतायत, झोप अपुरी आहे आणि ओठांवर देवाचं नाव!

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, "दादा, माझी नोकरी गेलीय. घरी आजारपण आहे. मी कशाचे आभार मानू?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. खोटं हसू आणून 'सगळं मस्त चाललंय' असं देवाला सांगायची गरज नाही. जनाबाई तर विठ्ठलाशी भांडल्यात, त्याला चक्क शिव्या दिल्यात! जिथे हक्काचं नातं असतं तिथेच माणूस भांडतो, आणि तिथेच मनापासून आभारही मानतो. दोन्ही एकाच तोंडाने होतं. म्हणून दुःख आहे ते आहेच म्हणा. फक्त त्याच्या शेजारी आणखी काय आहे, तेही बघा. नळाला आलेलं पाणी. डब्यातली पोळी, आणि ती लाटणारे हात. रात्री "पोचलास का रे?" विचारणारा एक फोन. हे सगळं आपण कमावलेलं नाही, मिळालेलं आहे.

तर या आठवड्यात एवढंच करा. रात्री मोबाईल चार्जिंगला लावताना आजच्या तीन गोष्टी देवाला नावानिशी सांगा. 'सगळ्यासाठी थँक यू' असं मोघम नको. 'आज पाऊस थांबला आणि बस मिळाली', असं नेमकं. भांडायचं असेल तर तेही करा, तो ऐकतो. आणि त्या तीनमध्ये एखादं माणूस आलं, तर सकाळी त्यालाही सांगा. पोळी लाटणाऱ्या हातांपर्यंत आपलं 'थँक यू' सहसा पोचतच नाही.

भेटू पुढच्या भागात. रामकृष्ण हरी!