चारच अंश का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आज मला एक जुनी उधारी फेडायची आहे.

दहावीत ‘पाण्याचे असंगत आचरण’ शिकवताना बाईंनी होपचे उपकरण मांडलं होतं. उंच भांड्यात पाणी, वर एक आणि खाली एक तापमापी, मधल्या भागाभोवती बर्फ आणि मीठ. खालचा पारा ४ अंशांपर्यंत उतरला आणि तिथेच थांबला. ४ अंशांचं पाणी सर्वांत जड, म्हणून ते तळाशी जातं, असं आपण वहीत उतरवलं. मी विचारलं, “बाई, चारच का? तीन किंवा पाच का नाही?” बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही. शोध आणि मला येऊन सांग.” परीक्षेत तो प्रश्न येणार नव्हता. मी शोधलं नाही.

या मेळाव्याचं निमंत्रण आलं, तेव्हा अखेर वाचायला बसले.

उत्तराचा मोठा भाग क्ष-किरणांनी दिला आहे. त्यांची तरंगलांबी साधारण रेणूंमधल्या अंतराएवढी असते, म्हणून ते रेणूंची मांडणी टिपू शकतात. बर्फाच्या स्फटिकातून विखुरले की रेखीव ठिपके उमटतात. पाण्यातून विखुरले की पसरट वलयं. द्रवांच्या अशा वलयांचा अर्थ लावणारा निबंध रामन आणि रामनाथन यांनी १९२३ मध्ये कोलकात्यातून प्रसिद्ध केला होता. १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर यांनी मांडलं की द्रव पाण्यातही रेणूभोवती साधारण चार शेजारी असतात, चतुष्फलकाच्या चार टोकांवर असावेत तसे. हे शेजारी सुमारे २.८ अँगस्ट्रॉमवर, आणि शेजाऱ्यांचे शेजारी ४.५ वर. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. ही मांडणी ऐसपैस आहे, मध्ये बरीच जागा मोकळी.

आता पाणी तापवू. साधा द्रव तापवला की रेणू दूर जातात आणि मुख्य वलय लहान कोनाकडे सरकतं. पाण्याचं पहिलं वलय उलट मोठ्या कोनाकडे सरकतं. थंड पाण्याच्या आलेखात वेगळे दिसणारे दोन उंचवटे एकमेकांत मिसळू लागतात आणि ४.५ अँगस्ट्रॉमची खूण पुसट होते. म्हणजे ऐसपैस मांडणी मोडते आणि दूरचे काही रेणू मोकळ्या जागेत शिरतात. त्याच वेळी उष्णतेने जवळचे शेजारी किंचित लांब जातात. पहिला बदल पाणी दाट करतो, दुसरा विरळ. शून्यापासून निघाल्यावर आधी पहिल्याचं पारडं जड, पुढे दुसऱ्याचं. ४ अंशांवर बरोबरी होते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले आलेखात शिखर दिसलं की लगेच विचारतो, त्या क्षणी काय घडलं? ४ अंशांवर पाण्यात विशेष काहीच घडत नाही. क्ष-किरणांच्या आलेखात तिथे उडी नाही, वळण नाही. मांडणी त्याआधीही मोडत असते आणि २५ अंशांनाही मोडतच असते. मी शाळेत त्या चारमध्ये काहीतरी गुपित शोधत होते. तिथे फक्त दोन विरुद्ध ओढींची बरोबरी आहे. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं जड पाणी घेतलं, तर हीच बरोबरी सुमारे ११ अंशांवर होते.

तरी सगळं उलगडलेलं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निर्वात जागेत पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब न गोठता शून्याच्या खूप खाली नेले आणि त्यांवर क्ष-किरण लेझर सोडला. पाण्याची दाबलं जाण्याची क्षमता उणे ४४ अंशांच्या आसपास सर्वाधिक होऊन पुन्हा कमी होते, असं त्यात दिसलं. दाट आणि विरळ असे पाण्याचे दोन प्रकार खरोखर वेगळे मानावेत, की एकच मांडणी हळूहळू बदलते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे.

बाई, तुम्ही त्या दिवशी “पुस्तकात दिलंय म्हणून” असं म्हणाला असतात, तर मी प्रश्न तिथेच विसरले असते. तुम्ही “माहीत नाही” म्हणालात, म्हणून तो तीस वर्षं सोबत राहिला. उत्तर आणायला फार उशीर झाला, आणि तेही अर्धंच आणलं आहे. चुकलं असेल तिथे नेहमीसारखी लाल रेघ मारा.