यंत्राच्या अंगचा जिव्हाळा



खासबाग ही विणकरांची वस्ती. लुगडे घेणारी बाई आधी काठावरून बोट फिरविते, मग भाव विचारते, हे येथे कोणास सांगावयास नको. मोबाईलचा पडदा घडविणाऱ्यांस मात्र ते उमगावे लागते. १९८४ सालचा मॅकिन्टॉश संगणक चालू करताच सुझन केअर या बाईंनी रेखाटलेला हसरा चेहरा दिसे. हिशेबास त्याचा उपयोग शून्य. पण नवख्याची भीड चेपे.

आमच्या घरची भीड अद्याप चेपलेली नाही. यूपीआय २०१६ साली आली. आमच्याकडील एका वडीलधाऱ्या बाईंनी फोनवरून पैसे पाठविले. पडद्यावर चक्र फिरतच राहिले. बाईंस रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात परत आली. 'पैसे बुडालेले नाहीत' एवढे एक मराठी वाक्य तेथे असते तर? चूक बाईंची नव्हे, रचनेची, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उलट किराणा दुकानातील ती बोलकी डबी पाहा. रक्कम पोहोचताच मोठ्याने सांगते, आणि दोन्ही चेहरे सैलावतात. (ती मराठी बोलावी की कन्नड, हा वाद आज नको!)

भावनेचा गैरफायदाही घेतला जातो. खोटी घाई लावणे, नकार देणाऱ्यास लाजविणे, अशा तेरा क्लृप्त्यांस केंद्र सरकारने २०२३ साली मनाई केली.

आपल्या न्यासाचा देणगीचा अर्ज फोनवर आणण्याचे घाटत आहे. तो प्रथम आमच्या त्या बाईंच्या हाती द्यावा, एवढीच विनंती.